आंत्रदाता माळवदे

माणसाचं मोठेपण तो समाजाला काय देतो यावरून ठरतं. रविकिरण माळवदे समाजाला रोज सकाळी सव्वासहा वाजता एकशे ऐंशी ग्रॅम देत असत.

हा आकडा अंदाजाने सांगितलेला नाही. माळवद्यांच्या सांगलीतल्या फ्लॅटच्या संडासात पेढीने एक यंत्र बसवलं होतं. ते वजन करी, तपमान बघे, डबा हवाबंद करून बाजूच्या कप्प्यात सरकवी आणि मग पूर्वी रेडिओवर बातम्या देणाऱ्या बायकांच्या आवाजात म्हणे, "एकशे ऐंशी ग्रॅम. तीन डोस. आज आपण तीन जीव वाचवलेत. धन्यवाद."

पहिल्या वर्षी हे शब्द ऐकून बाहेर चहाचं आधण ठेवणाऱ्या त्यांच्या बायकोने, वृषालीने, हात जोडले होते. चौथ्या वर्षी ती म्हणे, "झाले का तिघं? मग आंघोळीला जा. गीझर चालू आहे."

साडेसहाला पेढीची गाडी घेऊन तानाजी येई, डबा उचले, वहीवर माळवद्यांची सही घेई आणि एक दुसरा डबा ठेवून जाई. तो दिवसभराच्या जेवणाचा. गाडी एकच, पिशव्यांचे रंग वेगळे.

माळवदे छप्पन वर्षांचे होते आणि एका कॉलेजच्या परीक्षा विभागात हेडक्लार्क होते. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नव्हती, त्यामुळे त्यांचं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. बावन्नाव्या वर्षी, कर्मचाऱ्यांच्या आरोग्य तपासणीत, त्यांचा शोध लागला.

हे कळण्यासाठी थोडं आतड्यात शिरावं लागेल. आपल्या मोठ्या आतड्यात अडतीस लाख कोटी जिवाणू राहतात. ते न पचलेला चोथा खातात, त्यातून आतड्याच्या अस्तराला लागणारं अन्न तयार करतात, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जागा अडवून बसतात. आपण अँटिबायोटिक घेतलं की दुखण्याच्या जंतूंबरोबर हे जुने रहिवासीही मरतात. गाळे रिकामे पडतात. आणि तिथे शिरायला एक जंतू टपलेला असतो. त्याचं अधिकृत नाव लांबलचक आहे. डॉक्टर त्याला सी-डिफ म्हणतात. याचे बीजाणू कठीण कवचाचे असतात, औषधाला दाद देत नाहीत. रिकाम्या जागेत तो वाढतो, विष सोडतो आणि आतड्याचं अस्तर सोलून काढतो. माणूस दिवसातून पंधरा-पंधरा वेळा जातो आणि शेवटी जातो. त्याला मारायला आणखी कडक औषध द्यावं, तर उरलेसुरले रहिवासीही मरतात.

यावर उपाय गेल्या शतकापासून ठाऊक होता, फक्त तो जेवताना सांगता येत नसे. निरोगी माणसाचा मल घ्यायचा, गाळायचा आणि रोग्याच्या आतड्यात सोडायचा. जुने रहिवासी कुटुंबकबिल्यासह परत येतात आणि गुंडाला जागा उरत नाही. मलरोपण. दहातले नऊ बरे होतात.

अडचण दात्यांची होती. मुलाला शिंक आली की अँटिबायोटिक पाजणाऱ्या दोन पिढ्या होऊन गेल्या होत्या. दोन हजार त्रेचाळीस साली दहा हजार माणसांत एखाद्याच्याच पोटात जुनी वस्ती शाबूत सापडे. जिल्ह्याच्या मलपेढीकडे असा माणूस एकच होता. त्याने जन्मात अँटिबायोटिक घेतलं नव्हतं, कारण त्याला गोळी गिळता येत नसे.

आई वारली तेव्हा माळवदे चार वर्षांचे होते आणि त्यांची बहीण, आक्का, तेरा वर्षांची. दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या रवी तोंडात धरून ठेवी आणि लोखंडी खाटेच्या पोकळ पायात टाकी. आक्काला ते माहीत होतं. ती काही न बोलता काढा उकळे, नाचणीची आंबील करी आणि त्याला मातीत खेळायला सोडून देई. मोठेपणी त्या खाटेचा पाय गंजून तुटला, तेव्हा आतून दोन मुठी पांढरी पूड निघाली. जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था त्या पुडीवर उभी होती.

*

पेढीच्या डॉक्टर पौर्णिमा हावळ यांनी पहिल्या दिवशी माळवद्यांना सगळं फिरवून दाखवलं. एका खोलीत चार स्टीलच्या टाक्या गुरगुरत होत्या.

"हे काय?" माळवद्यांनी विचारलं.

"तुमचे प्रतिस्पर्धी," बाई म्हणाल्या. "तुमचे जिवाणू यात वाढवायचा प्रयत्न चाललाय. जमत नाही. साडेतीनशे जाती आहेत, एकीचं उष्टं दुसरी खाते. त्यातल्या निम्म्या हवा लागली की मरतात. टाकीला पोट कसं असतं ते शिकवायला वेळ लागेल. तोवर तुम्ही आहात."

मग त्यांनी कॅन्टीनमध्ये चहा पाजला. कॅन्टीनवर 'हरित उपाहारगृह' अशी पाटी होती. इंधन आवारातल्या गोबरगॅसचं. चहा चांगला होता. माळवद्यांना घराबाहेर पहिल्यांदाच कोणीतरी स्वतः उठून चहा आणून दिला होता.

त्यानंतर सगळंच बदललं. दात्याला वर्षाला दोन रोग्यांची नावं सुचवता येत, त्याला 'घरचा कोटा' म्हणत. कोट्याची बातमी पसरल्यावर माळवद्यांना दुरून ओळखणाऱ्यांची संख्या वाढली. प्राचार्य त्यांना 'रविकिरणजी' म्हणू लागले. ज्येष्ठ नागरिक संघाने सत्कार केला; परिचय करून देणारे निवृत्त उपशिक्षणाधिकारी म्हणाले, "माळवदेसाहेबांच्या योगदानाविषयी मी तपशिलात जात नाही," आणि खरोखरच गेले नाहीत. मानपत्रात 'जीवनरसदाते' असं छापलं होतं. रोग्यांचे नातेवाईक पेढीत दबक्या आवाजात विचारत, "दाता आपल्यातलाच आहे ना?" 'आपल्यातला' म्हणजे कोणातला, हे प्रत्येक घराप्रमाणे बदले. हावळबाई सगळ्यांना 'हो' म्हणत. शाकाहारी असल्याचीही हमी मागितली जाई. माळवद्यांचं बालपण सुक्या बोंबलावर गेलं होतं, पण साडेतीनशे जातींनी त्याची वाच्यता केली नाही.

फक्त वृषालीचं बदलणं वेगळं होतं. पेढीच्या डब्यात तीस प्रकारच्या भाज्या, चोथा आणि आंबवलेली पेज असे. त्याशिवाय घरचा घासही तोंडात घालायचा नाही, असा करार. सासरमाहेरची माणसं वृषालीच्या हातच्या कटाच्या आमटीसाठी मुक्काम वाढवत. तिने चार वर्षांत नवऱ्याच्या ताटात काही वाढलं नव्हतं.

"अहो, एवढीशी चव घ्या. मीठ बघायला."

"अगं, करारात—"

"करारात मीठ पण आहे?"

"मिठाला स्वतंत्र परिशिष्ट आहे."

मग ती स्वतःच चव घेई आणि स्वतःलाच सांगे, "बरं झालंय."

*

आक्का आली ती पेढीतल्या चौथ्या वर्षी. त्याआधी सहा वर्षं ती भावाशी बोलली नव्हती.

कारण साधं होतं. माळवद्यांच्या मुलीच्या लग्नात मानाचे फेटे बांधायला सुरुवात झाली तेव्हा आक्काचे यजमान, तासगावचे विश्वासराव भोकरे, म्हणाले, "मला कशाला? नको." माळवद्यांनी ते ऐकलं, 'बरं' म्हटलं आणि फेटा पुढच्या माणसाला बांधला. भोकरे मंडळी पंगतीला बसून गेली, पण ताटं तशीच होती. आठवड्याने आक्काचा फोन आला.

"ते नको म्हणाले म्हणून तू दिला नाहीस?"

"आक्का, ते स्वतःच म्हणाले—"

"नको म्हटल्यावर दोनदा आग्रह करायचा असतो, रव्या! छप्पन्न लग्नांत जेवलास, एवढं नाही शिकलास?" आणि फोन ठेवला, तो सहा वर्षं ठेवला.

या सहा वर्षांत माळवदे शिकले. माणूस बोलतो ते नुसतं ऐकायचं नसतं, त्याच्या मागचं ऐकायचं असतं, हे त्यांनी मनावर कोरून घेतलं. प्राचार्य 'सवडीने करा' म्हणाले की ते आजच करत. पाहुणा 'निघतो आता' म्हणाला की ते पोहे टाकायला सांगत. पुन्हा कोणाचं बोलणं शब्दशः घ्यायचं नाही.

आता आक्का रिक्षातून उतरली तेव्हा विश्वासरावांनी तिला जवळजवळ उचलूनच आणलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अँटिबायोटिकं झाली होती, त्यानंतर सी-डिफ. पासष्ट वर्षांच्या बाईचं वजन चौतीस किलो.

"ये आक्का," माळवदे म्हणाले. पुढे काय म्हणायचं ते सहा वर्षांत ठरवून ठेवलं नव्हतं.

"येते कसली, आणलीय मला," आक्का म्हणाली. "आधी सांग, संडास कुठेय?"

तिथून बाहेर आल्यावर ती खुर्चीत टेकली. "तुझं ते मशीन मला म्हणालं, 'दाता ओळखता आला नाही.' म्हटलं, बाई गं, मलाच मी ओळखू येईनाशी झालेय."

विश्वासराव खिडकीबाहेर बघत होते. वृषालीने त्यांच्यापुढे चहा ठेवला. ते म्हणाले, "नको, आत्ताच झाला." माळवदे ताडकन उठले. "असं कसं, घ्यायलाच पाहिजे. घ्या. नाही, नाही, अर्धा तरी घ्या." विश्वासरावांनी चहा घेतला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मेहुण्याकडे बघितलं.

कोट्यातलं नाव त्याच दुपारी गेलं. पाच डोस, दर पंधरा दिवसांनी एक. माळवद्यांकडे दात्यांसाठीची पुस्तिका होती, चार वर्षांपूर्वी छापलेली. तिच्यात लिहिलं होतं: साध्या रोग्याला गोठवलेला माल चालतो, हट्टी रोग्याला ताजाच हवा. त्या दिवसापासून यंत्र 'तीन जीव' म्हणालं की माळवदे मनात म्हणत, त्यातला एक आक्का.

तिसऱ्या डोसनंतर आक्काचा तासगावहून फोन आला. "रव्या, काल भाकरी खाल्ली. अख्खी. आणि आज एकदाच."

"एकदाच?"

"एकदाच! आणि बांधलेली!"

भावाबहिणीत इतक्या आनंदाचं बोलणं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

*

त्याच आठवड्यात माळवद्यांची खालची डावी दाढ ठणकू लागली.

दातांच्या डॉक्टरने फोटो काढला आणि मान हलवली. "मुळाशी पू आहे. काढावी लागेल आणि आजपासून अँटिबायोटिक. सिरप देतो, गिळायचा प्रश्न नाही."

"अँटिबायोटिकशिवाय?"

"अँटिबायोटिकशिवाय काढली तर पू पसरेल. नाही काढली तरी पसरेल. तुम्हाला आवडेल तो मार्ग घ्या."

एक कोर्स घेतला की दाता बाद. त्याच्या पोटातली वस्ती पूर्ववत व्हायला वर्ष लागतं, कधीकधी ती होतच नाही. आक्काचे दोन डोस बाकी होते. अठ्ठावीस दिवस. अर्धवट सोडलेला रोग उलटतो आणि दुसऱ्यांदा दाद देत नाही, हे पुस्तिकेच्या अकराव्या पानावर ठळक छापलं होतं.

माळवद्यांनी गालाला रुमाल बांधून पेढी गाठली. हावळबाईंनी गाल बघितला.

"घ्या हो सिरप," त्या लगेच म्हणाल्या. "आजच घ्या. आमची काळजी करू नका, आमचं होईल."

माळवद्यांनी मनोमन हात जोडले. केवढं हे मन! जिल्ह्याचा एकुलता एक दाता जातोय आणि बाई म्हणते, आमचं होईल.

"आक्काचे दोन राहिलेत," ते म्हणाले.

"त्यांचंही होईल. खरंच सांगते, तुम्ही थांबू नका." बाईंनी दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "मला यापेक्षा जास्त बोलता येत नाही, माळवदे. घ्या एवढंच सांगते."

जास्त बोलता येत नाही. माळवद्यांना एकदम सगळं कळलं. लग्नात यजमान 'आमच्यासाठी थांबू नका, जेवून घ्या' म्हणतात, तेव्हा काय करायचं असतं? थांबायचं असतं.

"ठीक आहे, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात, यातच सगळं आलं." आणि घरी जाऊन त्यांनी लवंगेचं तेल लावलं.

*

पहिला आठवडा तेलावर गेला. दुसऱ्यात गाल कानापर्यंत आला. चौथा डोस आक्काला वेळेवर मिळाला. माळवदे कॉलेजात मान वाकडी करून बसत आणि लोक त्यांना विचारत, "काही बघताय का?"

वृषालीने सिरपची बाटली आणून टेबलावर ठेवली. तीन दिवस बाटली आणि माळवदे समोरासमोर जेवत होते.

"घ्या म्हणते ना मी!"

"चौदा दिवस राहिलेत गं. आक्कानं मला—"

"आक्कानं वाढवलं. ऐकलंय. तिनं नऊ वर्षं सांभाळलं, मी एकतीस वर्षं सांभाळतेय. माझा कोटा कुठेय?"

माळवद्यांचा जबडा आता नीट उघडत नव्हता; त्यांनी बाटली बोटाने थोडी लांब सरकवली.

मग वृषालीने तासगावला फोन लावून स्पीकरवर टाकला. आक्काने सगळं ऐकून घेतलं.

"रव्या, गोळी घे."

"सिरप आहे," वृषाली म्हणाली.

"सिरप घे. मला नको तुझा पाचवा डोस. झालं माझं. बरी आहे मी."

माळवदे दात आवळून म्हणाले, "आक्का, तू म्हणणारच असं."

"म्हणणारच म्हणजे? खरंच नको मला! किती वेळा सांगू?"

"दोनदा सांगितलंस," माळवदे म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, दुखण्याचं आणि दुसरंही. "मला आता कळतं, आक्का."

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेला. मग विश्वासरावांचा आवाज आला, "अहो, ती खरंच नको म्हणतेय." पण विश्वासरावांच्या 'नको'वर माळवदे आता कसा विश्वास ठेवणार?

पाचव्या डोसला चार दिवस उरले असताना, सकाळी सव्वासहाला, यंत्र म्हणालं, "एकशे दहा ग्रॅम. एक डोस. आज आपण एक जीव वाचवलात." आणि बाहेर कोणी आलं नाही. वृषालीने दार ढकललं तेव्हा माळवदे भिंतीला टेकून बसले होते. जबड्यापासून गळ्यापर्यंत सूज येऊन मान घट्ट झाली होती, जीभ टाळूला लागली होती आणि श्वास शिट्टीसारखा येत होता. त्यांनी बोटाने कप्प्यातल्या डब्याकडे खूण केली. तो तानाजीला द्यायचा, अशी.

डबा तिने दिला. मग रुग्णवाहिका बोलावली. हा क्रम तिने पुढे कधी स्वतःला माफ केला नाही.

*

गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घातली. जबड्याचा डावा तुकडा आणि सात दात गेले. उरलेला जबडा तारेने बांधला. नसेतून तीन तऱ्हेची अँटिबायोटिकं अकरा दिवस दिली. आयुष्यभर न घेतलेली सगळी एकदम वसूल झाली. माळवदे शुद्धीवर आले तेव्हा वृषालीने त्यांच्या डोळ्यांतला प्रश्न वाचला आणि सांगितलं, "दिला. आक्काला पाचवा डोस वेळेवर दिला. झोपा आता."

ते झोपले. माळवदे देत नव्हते तर दिला कुठून, हे त्यांना किंवा तिला त्या वेळी सुचलं नाही.

चौदाव्या दिवशी त्यांना पहिल्यांदा लागली. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा. दुसऱ्या दिवशी पंधरा. तपासणीत सी-डिफ निघाला. साडेतीनशे जातींची वस्ती रिकामी झाली होती आणि गाळे उघडे होते.

वॉर्डातल्या सिस्टर भंडारे ट्रॉली घेऊन आल्या. हसतमुख बाई. "कुशीवर वळा, काका. पाच मिनिटांचं काम. हे फार भारी असतं, एकदम घरच्यासारखं सेट होतं." त्यांनी बाटली हलवून ट्रॉलीवर ठेवली. माळवद्यांचं तोंड त्याच बाजूला होतं, म्हणून त्यांनी लेबल वाचलं.

*माळवदे-१. टाकी क्र. ३. भरल्याचा दिनांक:* कालचा.

माळवद्यांनी हात वर केला. बोलता येत नव्हतं म्हणून उशाशी पाटी होती. त्यांनी लिहिलं: *टाकी?*

"हो, टाकीतलंच असतं आता," सिस्टर म्हणाल्या. "पूर्वी कोणीतरी माणूस होता म्हणे. आता दोन वर्षं आम्ही हेच देतो. सगळ्यांना."

*सगळ्यांना?*

"सगळ्यांना. तुमच्या बहिणीला पण मीच दिलेत ना पाचही? भोकरेबाई. गोड बाई आहेत. सारख्या म्हणायच्या, 'माझ्या भावाचं आहे.' म्हटलं, असेल." मग त्यांची नजर पायथ्याच्या तक्त्यावरच्या नावावर गेली. त्यांनी लेबल वाचलं, पुन्हा तक्ता वाचला आणि ट्रॉलीवरची बाटली उगाच सरळ केली.

"वळता ना, काका?" त्या हळूच म्हणाल्या.

माळवदे वळले.

*

हावळबाई दुपारी आल्या. वृषाली पलंगाशेजारी होती, पाटी तिच्या मांडीवर.

"मी सांगितलं होतं सिरप घ्या," बाई म्हणाल्या. "दोनदा सांगितलं."

माळवद्यांनी पाटी घेतली. *मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणताय.*

बाई स्टूल ओढून बसल्या. मग एकेक करून बोलल्या. टाकी दोन वर्षांपूर्वी जमली. टाकीतलं त्यांच्या पोटातल्याइतकंच चांगलं निघालं. पण माळवद्यांच्या आधीच्या दात्याला पेढीने नुसतं फोनवर कळवलं होतं, उद्यापासून नको; तो वर्तमानपत्रात गेला, अपमान झाला म्हणाला. तेव्हा संचालक मंडळाने ठराव केला: दात्याला जाहीर सत्काराशिवाय निवृत्त करायचं नाही आणि सत्कार होईपर्यंत काही कळू द्यायचं नाही. सत्कार मंत्र्यांच्या हस्ते.

*मग?*

"तारीख मिळाली नाही. म्हणजे चार वेळा मिळाली. दोनदा आचारसंहिता लागली, एकदा त्यांच्या घरी लग्न निघालं आणि एकदा ते मंत्रीच राहिले नाहीत."

"आणि जेवणाचा डबा?" वृषालीने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता. "तो का येत होता?"

"डबा बंद केला असता तर त्यांना कळलं असतं."

"म्हणजे दोन वर्षं यांना माझ्या हातचं चाललं असतं."

"चाललं असतं."

वृषालीने पाटी पलंगावर ठेवली, पदराने ती पुसली, पुन्हा पुसली. "दोन दिवाळ्या," ती म्हणाली. "दोन दिवाळ्या हा माणूस माझ्यासमोर बसून भोपळ्याच्या बिया चावत होता." मग ती उठून गेली. परत आली तेव्हा हातात वाटी होती, घोटून गाळलेलं वरण. तारेच्या फटीतून नळीने तिने ते घातलं. माळवद्यांनी पाटीवर लिहिलं: *मीठ बरोबर आहे.* आता ती रडली.

दोन दिवसांनी आक्का आली. आपल्या पायांनी, जिना चढून, आंबिलीची बरणी घेऊन. बेचाळीस किलो. भावाचं तोंड बघून तिने बरणी खाली ठेवली.

"माझ्यासाठी केलंस हे," ती म्हणाली. "गाढवा. तुझ्यामुळे जगले मी."

माळवद्यांनी पाटी घेतली. *नाही*, असं लिहिलं. वृषाली बघत होती. त्यांनी ते पुसलं. मग लिहिलं: *ते तुझंच होतं. खाटेच्या पायातलं.*

"काहीतरीच तुझं," आक्का म्हणाली, पण पाटी तिने बराच वेळ हातात धरून ठेवली.

*

टाकी क्रमांक तीनने माळवदे बरे झाले. मंत्र्यांची तारीखही मिळाली, पाचव्या खेपेला. सभागृह भरलं होतं. बांधलेल्या जबड्यावरून फेटा बसेना, म्हणून तो डोक्यावर नुसता ठेवला. निवेदिका म्हणाली, "त्यांच्या त्यागाचं शब्दांत वर्णन करता येणार नाही," आणि या एका बाबतीत ती अचूक होती. माळवद्यांना दोन शब्द बोलायची विनंती झाली. त्यांनी जबड्याकडे बोट दाखवलं. मग तबकातला एक जादा फेटा उचलला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या विश्वासराव भोकऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"अहो, मला कशाला? नको," विश्वासराव म्हणाले.

माळवद्यांनी फेटा पुढे केला.

"नको हो, खरंच."

माळवद्यांनी तो त्यांच्या डोक्यावर ठेवून वरून घट्ट दाबला. विश्वासरावांचे कान फेट्यात गेले. टाळ्या झाल्या, कशासाठी, ते मंत्र्यांना कळलं नाही, पण त्यांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तानाजी यंत्र काढायला आला. नळ्या सोडवत तो संडासात उकिडवा बसला होता आणि माळवदे दारात उभे होते. जबड्याची तार त्याच सकाळी सुटली होती. शब्द निसटत, पण कळत.

"तानाजी, हे दोन वर्षं तू नेत होतास. कुठे?"

"मागच्या बाजूला, साहेब. गोबरगॅसला."

"मला बोलला नाहीस."

"तुम्ही कधी इचारलं नाही." त्याने प्लग काढला. "वाया नाही गेलं काय. कॅन्टीनचा च्या त्याच्यावरच हुतोय."

माळवद्यांनी रिकाम्या कप्प्याकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "एका डब्यावर किती होतो?"

तानाजीने हिशेब केला.

"दीड कप," तो म्हणाला.